अक्रोडाचं लाकूड ओळखणं आणि वापरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्रोडाच्या लाकडाबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून रंगावरच येतात. घेताना फसगत होते ती रंगामुळे, पॉलिश केल्यावर मन खट्टू होतं तेही रंगामुळेच, आणि चार-पाच वर्षांनी ‘हे असं फिकट का पडलं’ असं विचारलं जातं तेव्हाही विषय तोच असतो. म्हणून सगळ्यात आधी एक सांगतो: अक्रोड रंगावरून ओळखायला जाऊ नका. फळीचं टोक बघा. का ते पुढे येईलच.

अक्रोडाचं लाकूड म्हणजे नेमकं कोणत्या झाडाचं?

जुग्लान्स या प्रजातीतल्या झाडांचं. लाकडाच्या बाजारात त्यातल्या दोन जाती महत्त्वाच्या. पहिली काळा अक्रोड, म्हणजे जुग्लान्स नायग्रा. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. ‘वॉलनट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या फर्निचरमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. दुसरी जुग्लान्स रेजिया, जिची फळं आपण खातो. ती इराण, मध्य आशिया आणि हिमालयाच्या पट्ट्यातली, आणि युरोपातही शतकानुशतकं लावली गेलेली. तिचं लाकूड काळ्या अक्रोडापेक्षा थोडं फिकट आणि राखाडीकडे झुकणारं असतं. अनेकदा त्यात गडद रेघांची सुंदर नक्षी असते, आणि कोरीव कामाला ते फार चांगलं.

याशिवाय कॅलिफोर्नियातला क्लॅरो अक्रोड आहे. तिथे क्लॅरोच्या खोडावर रेजियाची कलमं बांधायची पद्धत होती. अशा जुन्या झाडाच्या बुंध्यातून काढलेल्या स्लॅबमध्ये, म्हणजे जाड अखंड फळीत, कलमाच्या जागी दोन रंगांची लाकडं एकमेकांना भिडलेली स्पष्ट दिसतात. बटरनट, म्हणजे जुग्लान्स सिनेरिया, हाही याच घरातला, पण त्याचं लाकूड बरंच हलकं, मऊ आणि फिकट.

मग ब्राझिलियन वॉलनट, आफ्रिकन वॉलनट हे काय?

हे अक्रोड नव्हेत. ब्राझिलियन वॉलनट म्हणून विकलं जातं ते इपे, अतिशय कठीण आणि जड लाकूड. आफ्रिकन वॉलनट हे लोवोआ नावाच्या झाडाचं, ते महोगनीच्या कुळातलं. ईस्ट इंडियन वॉलनट या नावाखाली मिळतो तो आपला शिरीष. ही लाकडं वाईट नाहीत, काही तर फार चांगली आहेत, पण त्यांचे गुण वेगळे आणि किंमतही वेगळी असायला हवी. बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा. जाणकार विक्रेता लगेच लिहून देतो.

कच्ची फळी हातात आहे. ती अक्रोडाचीच आहे हे कसं कळेल?

पेटीत एक धारदार पटाशी आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग ठेवा. एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक शंका मिटतात.

फळीच्या टोकाला, म्हणजे आडव्या छेदावर, पटाशीने एक स्वच्छ पातळ काप घ्या. करवतीच्या खरखरीत टोकावर काहीच दिसत नाही. तो काप चकचकीत निघाला पाहिजे. आता तिथे थोडं पाणी लावून भिंगातून बघा. अक्रोडात वाढीची वर्तुळं नजरेला कळतात. प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला छिद्रं मोठी असतात आणि वर्तुळाच्या शेवटाकडे जाताना हळूहळू लहान होत जातात. हे ‘हळूहळू’ महत्त्वाचं आहे. ओकमध्ये मोठ्या छिद्रांची एक ठळक रांग असते आणि मग एकदम बारीक छिद्रं सुरू होतात. मेपलमध्ये सगळीकडे सारखीच बारीक छिद्रं असतात. अक्रोड या दोन्हींच्या मधला. छिद्रं दाटीवाटीने नसतात, सुटी सुटी विखुरलेली असतात. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेघा, म्हणजे किरण, इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. आणखी नीट बघितलंत तर छिद्रांच्या मधल्या जागेत, वर्तुळाला समांतर जाणाऱ्या अगदी बारीक, तुटक, फिकट रेघा दिसतील.

आता फळी उताणी करा. तीच छिद्रं इथे लांबीच्या दिशेने कापली गेल्यामुळे लहान लहान गडद रेघोट्यांच्या रूपात दिसतात. त्यांवरून नख फिरवलं तर बारीक खाचा जाणवतात. पृष्ठभाग अगदी काचेसारखा गुळगुळीत आणि छिद्रहीन वाटला, तर रंग कितीही अक्रोडी असला तरी संशय घ्या.

रंग सगळ्यात शेवटी बघा. काळ्या अक्रोडाचा गाभा फिकट तपकिरीपासून गडद चॉकलेटीपर्यंत काहीही असू शकतो. त्यात जांभळी, राखाडी किंवा लालसर झाक असते. एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्याही वेगळ्या दिसतात.

वजनावरून काही कळतं का?

बरंच कळतं, फक्त एकट्या वजनावर निर्णय देऊ नका. वाळलेल्या काळ्या अक्रोडाचं वजन घनमीटरला सरासरी 610 किलोच्या आसपास, रेजियाचं 640. म्हणजे 30 सें.मी. लांब, 10 सें.मी. रुंद आणि अडीच सें.मी. जाड तुकडा साधारण 450 ते 480 ग्रॅम भरेल. तेवढाच बटरनट सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, शिसम पावणेसहाशेच्या आसपास, आणि इपे आठशेच्या वर. इपेचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो, अक्रोडाचा तरंगतो.

घोळ होतो तो शिरीषाशी, कारण त्याचं वजन अक्रोडाच्या अगदी जवळ. इथे पुन्हा भिंग कामी येतं. शिरीषाच्या छिद्रांभोवती फिकट रंगाचं कडं असतं. अक्रोडाच्या छिद्रांना असं कडं नसतं.

साग, शिसव आणि रंगवलेलं स्वस्त लाकूड यांच्यापासून वेगळं कसं करायचं?

साग हाताला किंचित तेलकट लागतो, ताज्या कापाला कातड्यासारखा वास येतो आणि वाढीच्या वर्तुळांवर मोठ्या छिद्रांची रांग ठळक दिसते. शिसव आणि शिसम दोन्ही अक्रोडापेक्षा जड, आणि त्यांच्यातले गडद-फिकट पट्टे जास्त ठसठशीत असतात.

रंगवलेल्या रबरवूडला किंवा पॉप्लरला ओळखणं सर्वांत सोपं. न दिसणाऱ्या जागी, खणाच्या आत किंवा पायाच्या तळाशी, कानशीने जरा घासा. खाली पिवळसर पांढरं लाकूड निघालं तर रंग वरून दिलेला आहे. फक्त एक लक्षात ठेवा: खऱ्या अक्रोडाच्या कडेचं लाकूडही फिकटच असतं, तेव्हा एका जागी घासून निकाल देऊ नका.

टेबल अख्ख्या अक्रोडाचं आहे की वेनिअरचं?

वरच्या पृष्ठभागावरची एखादी ठळक रेघ पकडा आणि तिच्यामागे कडेपर्यंत जा. अख्ख्या लाकडात ती रेघ कडेवरून खाली उतरते आणि टोकाच्या छेदावर वर्तुळांच्या कमानीत मिसळते. वेनिअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या पाटावर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यात, ती कडेशी तुटते, आणि कडेवर वेगळीच पट्टी चिकटवलेली असते. वर एकच नक्षी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर एकामागून एक कापलेले पापुद्रे शेजारी लावलेत किंवा नक्षी छापलेलं लॅमिनेट आहे.

वेनिअर म्हणजे हलका माल, असं मात्र मी मानत नाही. दुबेळक्यातलं, म्हणजे जिथून दोन फांद्या फुटतात तिथलं, लाकूड फार देखणं असतं, पण अख्खी फळी म्हणून ते वेडंवाकडं पिळवटतं आणि तडकतं. अशा लाकडाचं वेनिअर करणं हाच त्याचा योग्य उपयोग. तक्रार फक्त एवढीच असावी की वेनिअर असेल तर वेनिअर म्हणून विकावं.

उभं झाड किंवा सालीसकट ओंडका कसा ओळखायचा?

एक बारीक फांदी घ्या आणि पटाशीने किंवा चाकूने लांबीत उभी चिरा. अक्रोडाच्या फांदीच्या मधला भेंडासारखा भाग सलग नसतो. त्यात थोड्या थोड्या अंतरावर आडवे पातळ पडदे असतात आणि मध्ये पोकळ कप्पे. काळ्या अक्रोडात हे पडदे फिकट तपकिरी, बटरनटमध्ये गडद तपकिरी. त्याच कुळातल्या हिकरी आणि पिकनमध्ये हा भाग भरीव असतो. पानं झडलेली असली, फळं नसली, तरी ही खूण सापडते.

कडेचा पांढरट पट्टा दोष आहे का?

नाही. तो झाडाचा जिवंत, रस वाहून नेणारा भाग, आणि प्रत्येक अक्रोडात असतो. उत्तर अमेरिकेच्या एनएचएलए (नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशन) या संघटनेच्या प्रतवारीच्या नियमांतही अक्रोडातलं हे फिकट लाकूड दोष धरत नाहीत. त्यामुळे वरच्या प्रतीचा माल मागवूनही निम्मी फळी पांढरट निघू शकते. गाभाच हवा असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं आणि त्याचे जास्त पैसे मोजावे लागतात.

टिकाऊपणात मात्र फरक आहे. गाभा कुजण्याला चांगला तोंड देतो. पांढरट भाग देत नाही, आणि लाकूड पोखरणारे भुंगेरेही आधी तिथेच शिरतात. बारीक टाचणीएवढी भोकं आणि त्यातून पडणारं पिठासारखं भुकट दिसलं तर ती फळी बाकी मालात ठेवू नका.

दिसण्यापुरतं म्हणाल तर हा पट्टा मला आवडतो. दोन फळ्यांचे पांढरे पट्टे मुद्दाम मधोमध जुळवून केलेलं टेबल सुरेख दिसतं. तो अर्धवट, कुठेतरी कोपऱ्यात राहून गेला की मग डोळ्यांना खुपतो. ठेवायचा तर ठरवून ठेवा.

‘स्टीम केलेला’ अक्रोड म्हणजे काय? हवेत वाळवलेला चांगला की भट्टीतला?

मोठ्या कारखान्यांत ओल्या फळ्या वाफेच्या खोलीत ठेवतात. वाफेने गाभ्यातला रंग कडेच्या लाकडात पसरतो, पांढरट पट्टा तपकिरी होतो आणि सगळा माल एकसारखा दिसायला लागतो. कारखानदाराचा माल त्यामुळे कमी वाया जातो. पण या एकसारखेपणात गाभ्यातल्या जांभळ्या, लालसर छटा मंदावतात. वाफ न देता सावकाश हवेत वाळवलेल्या फळीत त्या छटा शाबूत राहतात. दोन्ही फळ्या ताज्या रंधून शेजारी ठेवल्या तर फरक सांगावा लागत नाही. एखादी खास वस्तू करायची असेल तर मी हवेत वाळवलेलीच शोधीन. स्वयंपाकघराच्या डझनभर दारांना मात्र स्टीम केलेला माल बरा, कारण तिथे रंग जुळणं जास्त महत्त्वाचं.

भट्टीत वाळवणं आणि वाफ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भट्टीतलं लाकूड वाईट नसतं. घाईने वाळवलेलं वाईट असतं. जाड अक्रोड घाईने वाळवला तर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून तडकलेला निघतो.

लाकूड किती वाळलेलं असावं? नंतर किती हलतं?

हवेत वाळवताना जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा जुना अंदाज. ओंडका कापल्याबरोबर टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोकांतून ओल भराभर निघून जाते आणि चिरा पडतात. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, एकाखाली एक, सरळ रेषेत.

अंदाजावर काम सुरू करू नका, ओल मोजणारं मीटर घ्या. वस्तू जिथे राहणार तिथली हवा कोरडी असेल तर 6 ते 8 टक्के, दमट असेल तर 10 ते 12 टक्के ओल योग्य. लाकूड कामाच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवा आणि मीटरचा आकडा स्थिर झाल्यावर कापा.

अक्रोड तसा शहाणा आहे, फार वाकत-पिळवटत नाही. तरी हलतोच. ओल एक टक्क्याने बदलली की आडव्या कापाची फळी, म्हणजे जिच्या टोकाला वर्तुळं पृष्ठभागाशी साधारण समांतर दिसतात ती, रुंदीत सुमारे 0.27 टक्के फुगते किंवा आकसते. उभ्या कापाची, जिच्या टोकाला वर्तुळं पृष्ठभागाशी काटकोनात दिसतात ती, सुमारे 0.19 टक्के. म्हणजे 300 मि.मी. रुंद फळीत ओल 8 वरून 12 टक्क्यांवर गेली, तर आडवा काप सव्वातीन मि.मी. वाढेल आणि उभा काप सव्वादोन. टेबलाचा वरचा भाग चौकटीला घट्ट स्क्रूने आवळलात तर हे तीन मि.मी. कुठेतरी तडा पाडूनच जागा करून घेतात. स्क्रूची भोकं लांबट ठेवा. लांबीत मात्र लाकूड नगण्य हलतं.

हत्यारांखाली अक्रोड कसा वागतो?

फार गुणी. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत काळा अक्रोड 1010 पाउंड भरतो, म्हणजे सागाच्या आसपास. पटाशीखाली कुरकुर न करता सरळ कापलं जाणारं लाकूड. हाताने डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा सांधा, शिकायला यापेक्षा चांगलं लाकूड क्वचितच सापडेल. राउटर या खाचा-कडा कोरणाऱ्या यंत्राखाली मेपल किंवा चेरी जितक्या चटकन जळतात तितका हा जळत नाही.

अडचण येते ती नक्षीदार भागात. गाठीभोवती, दुबेळक्यात आणि लहरी रेषांच्या फळीत रंधा लाकूड ओरबाडतो. तिथे पातं नव्याने लावा, काप अगदी बारीक घ्या आणि रंध्याचं तोंड शक्य तितकं अरुंद करा. नेहमीच्या 45 अंशांऐवजी 50-55 अंशांचा रंधा असेल तर उत्तमच. तरीही ओरबाडत असेल तर रंधा बाजूला ठेवून पोलादी पत्र्याचा स्क्रेपर घ्या.

मेपलसारखं पांढरं लाकूड अक्रोडाशेजारी जोडलं असेल तर पॉलिश पेपर शक्यतो टाळा. गडद भुसा पांढऱ्या लाकडात घुसतो आणि सगळा भाग मळकट दिसतो. तिथेही स्क्रेपरच.

फळ्या चिकटवल्यावर काळे-निळे डाग पडले. कशामुळे?

लोखंडामुळे. अक्रोडात टॅनिन असतं. ओल आणि लोखंड दोन्ही एकत्र भेटले की टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन निळसर काळा डाग तयार होतो. फळ्या चिकटवताना पाण्यावर आधारलेला डिंक दाबाने बाहेर येतो आणि वर आवळलेल्या लोखंडी क्लॅम्पच्या दांड्याला लागतो. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढला की त्या जागी सरळ काळी पट्टी उमटलेली असते. उपाय साधा आहे: दांडा आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद घाला. ओल्या लाकडावर पोलादी किस (स्टील वूल) वापरू नका, आणि दमट जागेच्या वस्तूला पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू लावा.

डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण चालतं. नुसत्या डागावर लावू नका, अख्ख्या फळीवर सारखं लावा, नाहीतर फिकट ठिपका राहील. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. नीट न धुतलेल्या लाकडावर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, त्याची पूड नाकात गेली तर फार त्रास होतो.

हीच क्रिया मुद्दाम घडवून अक्रोड काळाभोर करता येतो. पोलादी किस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजत ठेवायचा, गाळायचा आणि ते पाणी लाकडावर फिरवायचं. काही मिनिटांत रंग बदलतो. आधी तुकड्यावर करून बघा.

कोणतं पॉलिश लावावं?

आधी टर्पेंटाइनने ओला केलेला फडका फळीवर फिरवा. ती उडून जायच्या आत तेल लावल्यावर लाकूड कसं दिसेल याचा बराचसा अंदाज येतो, आणि राहून गेलेले डिंकाचे डागही पांढरट उठून दिसतात.

जवसाचं किंवा टंग तेल अक्रोडाला खोली देतं, लावायला सोपं आणि दुरुस्तीलाही सोपं. लाखेचं पॉलिश रंगाला ऊब देतं. पाण्यावर आधारलेली फिनिश थेट लावली तर अक्रोड थंड, राखाडी दिसतो. अनेकांची निराशा होते ती इथेच. त्याखाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, वाळू द्या, मग ती फिनिश लावा.

180 ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासणं पुरे. त्यानंतर छिद्रांतली पूड ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढा. ती राहिली तर फिनिशखाली फिकट ठिपक्यांसारखी दिसते. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर छिद्रं भरावी लागतात. मला उघडी छिद्रंच बरी वाटतात.

तेलाचे फडके चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण करतं आणि चुरगळलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. ते बाहेर मोकळे पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

काही वर्षांनी रंग गडद होतो ना?

उलट. बहुतेक लाकडं उजेडात गडद होत जातात, अक्रोड मात्र फिकट होत मधाळ सोनेरी होतो. खिडकीजवळच्या टेबलावर एकाच जागी फुलदाणी ठेवली तर तिच्याखाली गडद गोल राहतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत वस्तू हलवत राहा. अतिनील किरण अडवणारी फिनिश हे फिकटणं लांबवते, थांबवत नाही.

स्लॅबमधल्या चिरेचं काय करावं?

लाकूड पूर्ण वाळलं असेल तर चीर राहू द्यायला हरकत नाही. ती पुढे सरकू नये म्हणून दोन्ही बाजू धरून ठेवणारी फुलपाखराच्या आकाराची चावी आडवी बसवतात. जपानी-अमेरिकन फर्निचर कारागीर जॉर्ज नाकाशिमा यांनी काळ्या अक्रोडाच्या मोठ्या स्लॅबवर ही चावी न लपवता वापरली, आणि ती त्यांच्या कामाची ओळखच झाली. चावीच्या लाकडाची रेष चिरेला काटकोनात जायला हवी, नाहीतर चावीच तुटते.

भाजी चिरायचा पाट करता येईल?

हो, छान होतो. छिद्रं मेपलपेक्षा मोठी असतात, म्हणून वापरानंतर लगेच धुऊन उभा ठेवून वाळवायचा. खाण्याच्या कामाचं मिनरल ऑइल लावा. घरात कोणाला अक्रोड किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर फिनिशसाठी अक्रोडाचं तेल वापरू नका.

भुसा धोकादायक असतो का?

अक्रोडाच्या भुशाने काही जणांच्या डोळ्यांना आणि त्वचेला खाज येते. शिवाय कोणत्याही लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून घेणं कर्करोगाला कारण ठरू शकतं. धूळ ओढणारं यंत्र आणि एन 95 किंवा त्याहून चांगला मास्क, दोन्ही वापरा. नुसता रुमाल बांधून भागत नाही.

काळ्या अक्रोडाचा भुसा आणि रंध्याची सालपटं घोड्यांच्या तबेल्यात अंथरायला कधीही देऊ नका. अंथरुणात मिसळलेला थोडा भागही घोड्यांना खुरांच्या आतल्या भागाची वेदनादायक सूज आणतो, आणि ती काही तासांत सुरू होते. बागेतही ताजा भुसा टोमॅटो, वांगी, मिरचीच्या वाफ्यात टाकू नका, कारण अक्रोडात जुग्लोन नावाचं रसायन असतं आणि टोमॅटोसारख्या झाडांना ते मारक ठरतं. तबेल्यासाठी भुसा देणार असाल तर अक्रोडाचं काम करताना यंत्राची पिशवी बदला, म्हणजे इतर लाकडांच्या भुशात तो मिसळणार नाही.